मोठं झालेलं कुत्रं घ्या, आणि फॉस्टर घरातून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांवर तुमच्याकडे जी पत्रं येतात ती मी सगळी वाचते. एकीकडे पोराला कुत्रं चावलं म्हणून संतापलेले आईबाप असतात, दुसरीकडे रोज रात्री ड्युटी संपवून भाताचं पातेलं घेऊन गल्लीत फिरणारे लोक असतात, आणि मला तर दोघांचंही पटतं. पण या सगळ्यात एका गोष्टीबद्दल कुणी लिहिताना दिसत नाही, ती म्हणजे फॉस्टर घरं. रस्त्यावर सापडलेलं किंवा मालकाने सोडून दिलेलं कुत्रं कुणीतरी उचलतं, डॉक्टरकडे नेतं, आणि मग त्याला कायमचं घर मिळेपर्यंत जो माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या खर्चाने त्याला सांभाळतो, त्याच्याबद्दल बोलतेय मी. आमची ठमी अशाच एका घरातून आली. म्हणून सांगावंसं वाटतं की ज्यांना कुत्रं पाळायचंय त्यांनी पेट शॉपची पायरी चढण्याआधी, किंवा कुणाच्या तरी ओळखीतून महिनाभराचं पिल्लू खोक्यात घालून आणण्याआधी, अशा एखाद्या घरी जाऊन यावं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेप्रमाणे कापा, फक्त नसबंदीचं आणि शेवटी जी विनंती केलीय ते ठेवा.

ठमी पांढरी, जेमतेम सात-आठ किलोची स्पिट्झ आहे, आपल्याकडे सगळे सरसकट पॉमेरियन म्हणतात तसली. घाटाच्या रस्त्याला एका टपरीपाशी सापडली होती. अंगावर केसांच्या जटा झालेल्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड भरलेले, अंगात ताप. डॉक्टरांनी दात बघून वय पाच-सहा वर्षं सांगितलं आणि आचळं ओघळलेली बघून सांगितलं की हिच्याकडून एकामागून एक वेतं घेतलेली दिसतायत. म्हणजे पिल्लं विकली, आणि ती होईनाशी झाल्यावर गाडीतून नेऊन सोडून दिली असणार. असली छोटी कुत्री रस्त्यावर टिकत नाहीत हो. गल्लीतली कुत्री त्यांना आपल्यात घेत नाहीत, खायला कसं शोधायचं ते त्यांना माहीत नसतं, गाडी आली की कुठे पळायचं तेही कळत नाही, जिथे सोडलं तिथेच बसून राहतात.

कायदा नाही असं नाहीये. कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम केंद्र सरकारने 2017 मध्ये केले, त्यात ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं सगळं लिहिलेलं आहे. आणि पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांहून जास्त काळ झाला, तो आकडा तसाच आहे. ठमीला ज्याने सोडलं तो सापडला असता तरी पन्नास रुपये भरून मोकळा झाला असता, याची मला आजही चीड येते.

आता फॉस्टर घरात काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं की तिथे नुसतं खाऊपिऊ घालतात. आमच्या फॉस्टर ताई सिंहगड रोडला दोन खोल्यांच्या घरात राहतात, नवराबायको दोघं नोकरीवाले. ठमी आली तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं, टिक फीवर निघाला, म्हणजे गोचिडातून होणारा ताप, पावसाळ्यात आणि नंतरही आपल्याकडे हा फार असतो. त्यात प्लेटलेट्स खाली येतात, हिमोग्लोबिन खाली येतं, कुत्रं नुसतं मान टाकून पडून राहतं. महिनाभराच्या आसपास गोळ्यांचा कोर्स चालला. तो संपून रक्त सुधारल्याशिवाय नसबंदीचं ऑपरेशन करता येत नाही, तोपर्यंत थांबल्या. जटा कापून काढल्या तर खाली कातडी सोललेली, त्याला रोज औषध. दातांवर दगडासारखा थर, तो काढून घेतला, दोन दात हलत होते ते काढले. सेव्हन इन वन, म्हणजे सात आजारांवरच्या एकाच लसीचे दोन डोस मध्ये तीन-चार आठवडे सोडून, रेबीजची लस, जंताचं औषध, सगळं कार्डावर तारखा घालून लिहिलेलं. हे झालं शरीराचं.

पण खरं काम पुढे आहे आणि ते कुठल्याही शेल्टरमध्ये होऊ शकत नाही, शेल्टरवाल्यांचा दोष नाही त्यात, शंभर कुत्र्यांमागे चार माणसं असतात तिथे. पिंजऱ्यात कुत्रं एकतर कोपऱ्यात गप्प बसतं नाहीतर दिवसभर भुंकतं, त्यावरून घरात ते कसं वागेल हे कुणालाच सांगता येत नाही. घरात मात्र सगळं कळतं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाते का, झाडू हातात घेतला की अंग चोरते का, दारावरची बेल, लिफ्ट, मिक्सर, शेजारचं रडणारं बाळ, मांजर, हेल्मेट घातलेला माणूस. जेवताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरते का. घरात एकटी ठेवली तर झोपते की दार ओरबाडते. शी-शू बाहेर करते की पायपुसण्यावर. ताईंनी यातलं एकेक बघून ठेवलं होतं आणि आम्हाला न लपवता सांगितलं. झाडूला घाबरते. पुरुष माणूस अंगावरून वाकला तर दात दाखवते, चावलेली नाही पण दाखवते. एकटी दोन-तीन तास राहते, जास्त नाही. खाताना ताटलीला हात लावू नका, ताटली खाली ठेवा आणि बाजूला व्हा. लहान मुलांच्या घरात हिला देणार नाही, असं तर त्यांनी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं.

मला सांगा, पिल्लू विकणारा माणूस तुम्हाला यातलं काय सांगणार? त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतंच, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाचा स्वभाव अजून व्हायचा असतो. ते किती मोठं होणार, किती भुंकणार, त्याच्या हाडांची काय अवस्था निघणार, सगळंच पुढे कधीतरी कळणार. आणि लोक तर तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू उचलून आणतात, ज्याने अजून आईचं दूध सोडलेलं नसतं, भावंडांबरोबर दंगा करून चावायचं किती ते शिकलेलं नसतं, आणि मग पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा आजार, झाला की चार दिवसांत जातं, घरातली पोरं रडरड रडतात. मोठ्या कुत्र्याचं तसं नाही. जे आहे ते समोर आहे. साठी ओलांडलेली माणसं घरात असतील, दोघं नोकरी करणारी असतील, फ्लॅट लहान असेल, तर मी तर म्हणेन तीन-चार वर्षांच्या पुढचंच घ्या. मोठं कुत्रं लळा लावत नाही हा समज कुठून आला मला माहीत नाही, पण तो साफ खोटा आहे.

आता कुत्रं देण्याआधी फॉस्टरवाले जे प्रश्न विचारतात त्यांच्याविषयी थोडं, कारण यावरून बरीच मंडळी नाराज होतात. अडॉप्शनचा फॉर्म भरायला दिला की लोकांना वाटतं, रस्त्यावरचं कुत्रं आम्ही घरात घेतोय, उपकार करतोय, आणि वर आमचीच चौकशी? आमच्या ओळखीतले एक गृहस्थ होम चेकला, म्हणजे घर बघायला, येऊ का विचारलं म्हणून फोन ठेवून मोकळे झाले. आम्हालाही ताईंनी खूप विचारलं. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाचं लेखी हो आहे का. घरातल्या सगळ्यांना कुत्रं हवंय का, की एकालाच. गावाला गेलात, लग्नकार्याला गेलात तर कोण बघणार. बदली झाली, परदेशी जायचं झालं तर काय करणार. बाल्कनीत बांधून ठेवणार का. खिडक्यांना जाळ्या आहेत का, छोटं कुत्रं गजांतून सहज बाहेर पडतं. आधी कुत्रं होतं का आणि ते कसं गेलं. डॉक्टर कोणते. महिन्याला खर्च किती झेपेल.

यातला एकही प्रश्न फालतू नाही. प्रत्येक प्रश्नामागे परत आलेलं कुणीतरी कुत्रं आहे. ताईंकडून हौसेने नेलेलं एक कुत्रं सून बाळंत होणार म्हणून परत आलं, एक सोफा कुरतडला म्हणून आलं, एक तर चक्क केस गळतात म्हणून. प्रत्येक वेळी त्या कुत्र्याने पुन्हा पहिल्यापासून खाणं सोडलं, दारापाशी बसून राहिलं. असं ज्याने आपल्या डोळ्यांनी बघितलंय तो माणूस विचारणारच. उलट जो काहीच न विचारता कुत्रं तुमच्या हातात देऊन मोकळा होतो त्याच्यापासून सांभाळून राहा. हल्ली ऑनलाइन तर असेही प्रकार चालतात की गोंडस छोट्या कुत्र्याचा फोटो टाकायचा, फुकट अडॉप्शन म्हणायचं आणि मग गाडीभाड्याचे किंवा लसीचे पैसे आधी पाठवा म्हणायचं. कुत्रं डोळ्यांनी बघितल्याशिवाय, ते जिथे राहतंय तिथे गेल्याशिवाय एक रुपयासुद्धा पाठवू नका. खरा फॉस्टर तुम्हाला घरी बोलावतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा या म्हणतो.

आणि प्रश्न तुम्हीही विचारा. नसबंदी झाली का, कधी झाली, कुठल्या डॉक्टरने केली, कागद आहे का. मादी असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा म्हणतात, लक्षात येईपर्यंत जीव जाऊ शकतो, आचळांच्या गाठी होतात त्या वेगळ्याच. रक्ताचा रिपोर्ट बघायला मागा. छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, चालताना मध्येच एक पाय उचलून उडी मारल्यासारखं करतं का ते बघा, दात बघा, खोकला येतो का विचारा, श्वासनलिका नाजूक असते यांची, म्हणून गळ्यात पट्टा अडकवून ओढायचं नाही, अंगात घालायचा हार्नेसच घ्यायचा. कुणाला चावलंय का हेही स्पष्ट विचारा, आणि फॉस्टरने हो म्हटलं तर लगेच उठून जाऊ नका, कधी, कशामुळे, कुणाला, हे ऐकून घ्या. जो फॉस्टर असं खरं सांगतो त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

ठमी घरी आली त्यानंतरचं थोडं लिहिते, कारण कुत्री परत जातात ती बहुतेक या काळात. कुत्र्यांत काम करणारी मंडळी तीन-तीन-तीन म्हणतात, पहिले तीन दिवस ते भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रकं समजायला लागतात, आणि हे आपलंच घर आहे हे पटायला तीन महिने. तंतोतंत असं होतं असं नाही, पण घाई करू नका एवढं त्यातून घ्यायचं. आपल्याकडे होतं काय, कुत्रं आलं की पहिल्याच दिवशी आंघोळ, मग सगळी सोसायटी बघायला येते, पोरं उचलून घेतात, नणंद-भावजय व्हिडीओ कॉलवर, आणि बिचारं कुत्रं गुरगुरलं की लगेच, अगंबाई, हे तर चावरं आहे. आम्ही तिला हॉलच्या कोपऱ्यात तिचं फॉस्टर घरातलं न धुतलेलं पांघरूण दिलं, तो वास ओळखीचा म्हणून, पाणी ठेवलं आणि कुणी तिच्याकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही असं घरात ठरवून टाकलं. जेवणाच्या वेळा आणि जेवण ताईंनी लिहून दिलेलंच, पहिले काही दिवस काहीही बदल नाही. सासूबाईंना कुत्रं घरात येणार हे आधी अजिबात पसंत नव्हतं, देवघराकडे यायचं नाही ही त्यांची अट होती आणि ती आम्ही पाळली, दाराला छोटं फाटक लावलं. आता दुपारी त्या पोथी वाचतात तेव्हा ठमी त्या फाटकाला टेकूनच झोपते आणि कुणी मोठ्याने बोललं तर सासूबाईच आम्हाला गप्प करतात, झोपलीय ती म्हणून.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. नव्याने आलेलं कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत पळतं. फटाका वाजला, दार उघडं राहिलं, पट्ट्यातून मान काढली, की गेलं. आणि त्याला अजून तुमचं घर माहीतच नसतं तर परत कुठे येणार? म्हणून फिरायला नेताना हार्नेस आणि शिवाय गळ्यातला पट्टा, दोन्हीला दोर, आणि पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, बसवून घेता आली तर उत्तमच. गणपतीच्या आधी ढोलताशांच्या तालमी सुरू होतात, दिवाळीत तर विचारूच नका, त्या दिवसांत नवीन कुत्रं घरी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आणलंच असेल तर उजेडी बाहेर फिरवून संध्याकाळच्या आत घरात.

खाण्याचं पण. दूधपोळीवर कुत्रं जगतं हे खरं, पण ते निव्वळ जगणं झालं. त्याला प्रोटीन लागतं, अंडं, चिकन, किंवा चांगलं तयार खाणं, किती ते डॉक्टर वजनाप्रमाणे सांगतात. आणि आपल्या घरातल्या ज्या गोष्टी त्यांना विषासारख्या आहेत त्या घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनासुद्धा, सांगून ठेवा. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट. सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणे कुणी विचारात घेत नाही, प्रेमाने घास भरवतात, आणि सात किलोच्या कुत्र्याला थोडेसुद्धा बाधू शकतात, मूत्रपिंडावर जातं ते. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या काचेसारख्या चिरफळ्या होतात. आणि उन्हाळा आला म्हणून स्पिट्झचे केस तासून काढू नका, ते केस ऊनही अडवतात.

सोसायटीचा त्रास हा वेगळाच विषय आहे. आमच्याकडेही कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही अशी कुणीतरी सूचना आणली होती. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण त्याच कागदात मालकाने काय करायचं तेही आहे, आणि कुत्रेवाल्या मंडळींनी तेवढंच मोठ्याने वाचावं असं मला वाटतं. कुत्रं दोरीला असलं पाहिजे, लसी वेळेवर पाहिजेत, घाण झाली तर मालकाने उचलली पाहिजे. मी तो कागद सेक्रेटरींना दिला, सोबत ठमीचं लसीचं कार्ड आणि महापालिकेचं लायसन्स, आणि फिरायला जाताना हातात पिशवी असते हे सगळ्यांना दिसतंच. विषय तिथे संपला. निम्मी भांडणं न उचललेल्या घाणीवरून असतात आणि त्यात समोरच्याची बाजू बरोबर असते.

आता मूळ मुद्द्यावर येते. 2019 च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री 1 कोटी 53 लाखांच्या आसपास मोजली गेली, त्यातली पावणेतेरा लाख आपल्या महाराष्ट्रात. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश दिला, देशभर गदारोळ झाला, मग 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो बदलला, नसबंदी, लस, जंताचं औषध देऊन कुत्री होती तिथे परत सोडा, रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका असं सांगितलं. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती जिची चर्चा फार कमी झाली. ज्यांना कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही त्यांची जबाबदारी, असं कोर्टाने म्हटलंय. नंतर 7 नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायला सांगितली आणि ती पुन्हा तिथे सोडायची नाहीत असंही सांगितलं. म्हणजे ती कुठेतरी ठेवायला हवीत. कुठे? शेल्टर बांधायला जागा लागते, पैसा लागतो, माणसं लागतात, आणि माणसात राहिलेलं, शांत, घरात ठेवण्याजोगं कुत्रंसुद्धा त्या गर्दीत आजारी पडतं. त्यातली काही तरी कुत्री फॉस्टर घरांतून कायमच्या घरांत जाऊ शकतात. सगळी नाही जाऊ शकत, हे मला कळतं. दत्तक घेऊन रस्त्यावरचा प्रश्न सुटणार नाही, त्याला नसबंदी आणि रेबीजची लसच पाहिजे, शहरातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रेबीजची साखळी तुटते असं जाणकार सांगतात, आणि 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ध्येय आपल्या सरकारनेच ठेवलंय. पण घरातून रस्त्यावर येणारी कुत्री थांबवणं आणि रस्त्यावरून घरात जाऊ शकणारी घरात नेणं, हेसुद्धा कुणीतरी करायला नको का?

ते आज मूठभर माणसं स्वतःच्या पगारातून करतायत. घरमालक जागा सोडा म्हणतात. सोसायटी नोटीस काढते. डॉक्टरचं बिल उधारीवर. आणि लोकांना एकदा कळलं की इथे कुत्री सांभाळतात, की रात्री गेटला पिल्लं बांधून जातात. ठमी आमच्याकडे आल्यावर ताईंकडची तिची जागा आठवडाभरसुद्धा रिकामी राहिली नाही. छोटी, पांढरी, केसाळ कुत्री असली की तिला मागणी येते तरी, ठमीसाठी बऱ्याच जणांचे फोन आले होते. त्याच घरात एक काळी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, आहे, तीन पायांची नाही, आजारी नाही, काही नाही, नुसती काळी आणि मोठी झालेली, म्हणून तिला कुणी विचारत नाही. छोटं कुत्रं हवं असेल तर इंडींमध्येही लहान चणीच्या माद्या असतात, बारा-तेरा किलोच्या, आपल्या हवेला सरावलेल्या, कमी आजारी पडणाऱ्या. मी जातीच्या कुत्र्याची मालकीण म्हणून हे सांगतेय, जात बघू नका, त्या घरात जाऊन तासभर जमिनीवर बसा आणि कोण जवळ येतं ते बघा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेने फॉस्टर घरांची नोंद ठेवावी, नोंद झालेल्या घरांतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस पालिकेच्या केंद्रात मोफत आणि लांब रांग न लावता व्हावी, आणि कोर्टाने म्हटलेला दत्तकाचा अर्ज कुठे, कुणाकडे द्यायचा, ते क्षेत्रीय कार्यालयाच्या बोर्डावर लिहावं. आमच्या क्षेत्रीय कार्यालयात मी विचारलं तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. ज्यांना कुत्रं कायमचं ठेवणं शक्य नाही त्यांनी महिना-दोन महिने फॉस्टर तरी करावं, विशेषतः ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला टाके सुकेपर्यंत दहा-बारा दिवस जागा लागते, तेवढंसुद्धा फार मोठं काम होतं. रिटायर झालेल्या मंडळींना हे छान जमू शकतं.

आणि संपादक महोदय, तुम्हाला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एक छोटा चौकोन द्या. त्यात पिल्लं नकोत, पिल्लांना घरं मिळतात. दर आठवड्याला शहरातल्या फॉस्टर घरांमधली दोन-तीन मोठी कुत्री, फोटो, अंदाजे वय, वजन, नसबंदी आणि लसीची तारीख, आणि स्वभावाच्या चार ओळी, चांगल्या आणि अडचणीच्या दोन्ही. पैसे मागणाऱ्यांची जाहिरात घेऊ नका, माणूस तपासूनच छापा. माहिती गोळा करून टाइप करून द्यायचं काम मी आणि आमच्या भागातल्या दोघीतिघी करायला तयार आहोत, विनामोबदला. तुम्ही हो म्हणालात तर पहिल्या चौकोनासाठी त्या काळ्या इंडीचा फोटो आणि कार्ड मी याच पत्रासोबत जोडलंय.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
पुणे